चित्रांना काळ असतो, समीक्षकांना सोय!

पिकासोच्या ‘गेर्निका’विषयी बोलू लागलेला समीक्षक आधी इतिहास सांगतो. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधील एका लहानशा गावावर बॉम्बवर्षाव झाला, हे सांगितल्याविना त्याचे विवेचन पुढे सरकत नाही. नेपोलियनच्या सैनिकांनी माद्रिदमध्ये केलेल्या हत्याकांडाचे चित्र गोयाने १८१४ साली रंगविले, त्याबाबतही तेच. आणि ते योग्यच आहे. आपल्या काळाचे भय कोणताही चित्रकार अंगावेगळे करू शकत नाही. मात्र हाच न्याय अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘भारतमाता’ या चित्राला लावण्याची वेळ आली, की इतिहास एकाएकी गळून पडतो आणि ‘धार्मिक प्रतीकांचे राजकारण’ हा शिक्का तेवढा उरतो.

हे चित्र १९०५ सालचे. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला कर्झनची वंगभंगाची योजना अमलात आली. आधी ‘वंगमाता’ म्हणून कल्पिलेली ही मूर्ती प्रांताची सीमा ओलांडून भारतमाता झाली. भगवी वस्त्रे ल्यालेल्या या चतुर्भुज मातेच्या हाती एकही शस्त्र नाही. पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ एवढेच तिने धारण केले आहे. दुष्काळांनी पोळलेल्या देशाला अन्नाची चिंता होती. परदेशी कापडाने विणकराचा माग बंद पाडला होता, म्हणून वस्त्र. शिक्षण परक्यांच्या हाती गेले होते, म्हणून पोथी. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. आणि या साऱ्यांत आत्मा हरवू नये, म्हणून जपमाळ. अन्न, वस्त्र आणि विद्या मागणाऱ्या या मातेने नेमके कोणाला परके केले, हे समीक्षकांनी एकदा सांगावे. पुढे तिच्या हाती ध्वज आला, शेजारी सिंह आला; त्या रूपांनाही त्यांचा त्यांचा काळ आहे. भगिनी निवेदितांना मात्र या चित्राचे मोल तत्काळ उमगले होते.

महाराष्ट्राला हे नवे नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा सुरू केली. लिटनने देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला तोही त्याच वर्षी. स्वत्व विसरू लागलेल्या समाजाच्या भिंतींवर चित्रशाळेने रामपंचायतन आणले, तसेच नाना फडणविसांनाही आणले. अभिजनांच्या दृष्टीने ती ‘बाजारू’ चित्रे असतील. पण पेशवाई बुडून साठ वर्षे झाल्यावर ज्या घरात नानांची तसबीर लागत होती, त्या घराला तिचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नव्हता.

तो अर्थ राज्यकर्त्यांनाही समजत होता. १९१० च्या मुद्रण कायद्यात शब्दांबरोबर चित्रांचाही समावेश करण्यात आला. ज्या चित्रांत आजच्या समीक्षकांना केवळ भाबडी भक्ती दिसते, त्यांत इंग्रज सरकारला राष्ट्र दिसत होते! शत्रूने अधिक नीट वाचले, असे म्हणायचे काय?

अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल बोस यांनी आपल्या सहकाऱ्यांसह राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रत चित्रांनी सजविली. मूलभूत हक्कांच्या भागावर तेथे राम, सीता आणि लक्ष्मण आहेत. छत्रपती शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंह आहेत. नौखालीत फिरणारे गांधीजीही आहेत. १९४६ ची ती जखम तेव्हा ओलीच होती आणि चित्रकारांनी ती लपविली नाही. नवस्वतंत्र राष्ट्राचा विश्वास आणि त्याची वेदना त्या पानांवर शेजारी शेजारी नांदतात. मात्र घटनेच्या नेहमीच्या छापील प्रतींत ही चित्रे नसतात, आणि घटनेची शपथ घेणाऱ्या कित्येकांना ती ठाऊकही नसतात.

कलेला राजकारणापासून दूर ठेवा, असा उपदेश करणाऱ्यांनी आधी स्वतःची मोजपट्टी तपासावी. ‘गेर्निका’ जर काळाची साक्ष असेल, तर ‘भारतमाता’ही आहे. ती साक्ष विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकांत आणि कलाशाळांत, तिच्या काळासह, वाचायला मिळाली पाहिजे. स्वतःची चित्रे वाचता न येणाऱ्या समाजाचा इतिहास इतर लोकच लिहितात.