जुना गेम कन्सोल वाय-फायला जोडताय? आधी हे वाचा!

सुट्टी लागली की कपाटातला जुना गेम कन्सोल बाहेर येतो. पासवर्ड बरोबर टाकूनही तो वाय-फायला जोडला जात नाही. बऱ्याचदा कन्सोल बिघडलेला नसतो, नव्या राउटरची सुरक्षा पद्धत त्याला कळत नसते.

हे करून पाहा

१. वी आणि प्लेस्टेशन ३ यांना ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय दिसत नाही. राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ सुरू ठेवा.

२. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल, तर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ हा मिश्र पर्याय निवडा.

३. जमल्यास कन्सोलसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क करा. त्यालाही पासवर्ड हवाच.

४. प्लेस्टेशन ३ ला लॅन केबलची जागा असते. केबल लावली की वाय-फायचा प्रश्नच मिटतो.

हे मात्र करू नका

२००४ साली आलेला निन्टेन्डो डीएस आणि नंतरचा डीएस लाइट फक्त डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत ओळखतात. या पद्धतीचे कुलूप मिनिटभरात उघडता येते, हे संशोधकांनी २००७ मध्येच दाखवून दिले. मुलांच्या हट्टापायी राउटर त्यावर आणलात, तर शेजारचा अनोळखी माणूसही तुमच्या नेटवर्कमध्ये शिरू शकतो. त्याच नेटवर्कवर घरातले सगळे फोन आणि कॅमेरे असतात!

शिवाय डीएसची अधिकृत ऑनलाइन सेवा मे २०१४ मध्येच बंद झाली. दोन डीएस जवळ असतील, तर अनेक गेम राउटरशिवायही एकत्र खेळता येतात. मग भावंडांना समोरासमोर बसवा आणि रंगू द्या सामना!