तिसऱ्या हंगामापर्यंतचा पगार

फुटबॉलचा मोडलेला संघ पुन्हा उभा करून प्लेऑफच्या दावेदारांत आणायला किती वेळ लागतो, असं विचारलं तर प्रेक्षक म्हणतो ‘पुढच्या वर्षी’ आणि मालक म्हणतो ‘आमची पाच वर्षांची योजना आहे’. दोन्ही उत्तरं सोयीची आहेत. पहिल्यात विचार करावा लागत नाही आणि दुसऱ्यात हिशेब द्यावा लागत नाही. इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासूनचे गुणतक्ते ओळीने मांडले तर याहून नेमकं उत्तर हाती लागतं. प्लेऑफमध्ये एकदा डोकावून यायला एक हंगाम पुरतो. दावेदार व्हायला तीन लागतात आणि ते सलग लागतात. मधे पगार थकला किंवा खेळाडूंचा गाभा फुटला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. लोह्यातल्या वाचकाला हा विषय दूरचा वाटेल, कारण आपल्याकडे मुलं कबड्डीच्या मैदानावर जास्त दिसतात. पण या उत्तराचा सगळ्यात बोलका पुरावा ज्या संघाने दिला, तो पुण्यात जन्मला आणि आपल्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ असलेल्या हैदराबादेत वाढला.

पुण्यापासूनच सुरुवात करू. एफसी पुणे सिटी पहिल्या तीन हंगामांत अनुक्रमे सहावी, सातवी आणि पुन्हा सहावी आली. लीगमध्ये तेव्हा संघ होते आठ. २०१४ मध्ये प्रशिक्षक फ्रँको कोलोम्बा, २०१५ मध्ये डेव्हिड प्लॅट, २०१६ मध्ये अँटोनियो हबास. २०१७-१८ मध्ये रँको पोपोविच आले आणि संघ चौथा येऊन पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेला, तिथे बंगळुरूकडून हरला. आता थांबायची वेळ होती. पण पुढच्या हंगामात पोपोविच नव्हते. मिगेल आंखेल पोर्तुगाल आले आणि थोड्याच सामन्यांनंतर गेले, काही काळ प्रद्युम रेड्डींनी सांभाळलं, मग फिल ब्राऊन आले. संघ सातवा. पाच हंगाम खेळूनही या संघाचा दुसरा हंगाम कधी आलाच नाही. पहिलाच हंगाम पाच वेळा खेळला गेला. प्रत्येक नवा प्रशिक्षक आपली पद्धत, आपले परदेशी खेळाडू आणि आपला सराव घेऊन येतो, आणि आधीच्या वर्षी पोरं जे शिकली ते पुसलं जातं. २०१९ मध्ये पैशाच्या अडचणीत संघ बंद पडला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली.

हैदराबादचा पहिला हंगाम पाहिला तर कुणीही हात जोडले असते. १८ सामने, २ विजय, ४ बरोबरी, १२ पराभव, १० गुण, तळाचं स्थान. पुण्याहून सोबत आलेले ब्राऊन मध्येच गेले. २०२०च्या ऑगस्टमध्ये स्पेनचे मानोलो मार्केझ प्रशिक्षक झाले आणि त्यांनी आकाश मिश्रा, आशिष राय, लिस्टन कोलासो अशा तरुण भारतीय मुलांना रोज खेळवायचं ठरवलं. आशिष राय आणि मुंबईचा निखिल पुजारी हे दोघे पुणे सिटीतूनच आलेले. म्हणजे पुण्याकडे माल नव्हता असं म्हणायला जागा नाही. दुसऱ्या हंगामाचे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत: २० सामने, ६ विजय, ११ बरोबरी, फक्त ३ पराभव. संघ पाचवा आला, प्लेऑफ थोडक्यात हुकली, आणि ११ बरोबरी पाहून ‘जिंकायचं कधी’ असं वाटणं साहजिक होतं. मला मात्र त्या पूर्ण गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा हा पराभवांचाच वाटतो. बाराचे तीन झाले. बांधणीत आधी हरणं थांबतं आणि जिंकणं मागाहून येतं, कारण बचाव हा सवयीचा भाग आहे आणि सवय एकत्र खेळण्यानेच लागते. तिसऱ्या हंगामाआधी कोलासो मोहन बागानला विकला गेला, तरी इमारत हलली नाही. ३८ गुणांसह संघ दुसरा आला आणि २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्ड्याला केरला ब्लास्टर्सविरुद्धचा अंतिम सामना १-१ बरोबरीनंतर पेनल्टीवर जिंकला. गोलरक्षक होता गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमणी, त्याने तीन पेनल्टी अडवल्या. पुढच्या वर्षी पुन्हा दुसरं स्थान, ४२ गुण. दावेदार म्हणजे हे.

इथे पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. मुंबई सिटी २०१९-२० मध्ये पाचवी होती. त्याच हंगामात सिटी फुटबॉल ग्रुपने तिचा मोठा हिस्सा घेतला, आणि २०२०-२१ मध्ये सर्जिओ लोबेरांच्या हाताखाली मुंबईने लीगचं अव्वल स्थान आणि करंडक दोन्ही जिंकले. तीन वर्षं कसली, एकच पुरली! पण संघात कोण होते ते पाहा. अहमद जाहू, ह्यूगो बूमूस, मूर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई हे चौघे एफसी गोव्यातून आले होते आणि लोबेराही तिथूनच. गोवा २०१६ मध्ये तळाला होता. लोबेरा २०१७ मध्ये आले, संघ २०१८ मध्ये उपांत्य फेरीत, २०१९ मध्ये अंतिम फेरीत आणि २०२० मध्ये लीगमध्ये पहिला. पुन्हा तेच तीन हंगाम. माळेगावच्या यात्रेत गोऱ्हा घेणारा आणि जुपलेली, एकमेकांच्या खांद्याची सवय झालेली जोडी घेणारा यांच्यात जो फरक, तोच इथे आहे. जोडीच्या किमतीत दुसऱ्या कुणाची तरी दोन-तीन वर्षं मिळवलेली असतात. मुंबईने वेळ वाचवला नाही, गोव्यात खर्च झालेला वेळ विकत घेतला. ज्याच्याकडे तेवढे पैसे आहेत त्याने तो जरूर घ्यावा, पण ती किंमत सगळ्यांना परवडत नाही आणि विकणारा गोवाही दरवर्षी सापडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे, कारण त्याच्यामागे करंडक उभा आहे. चेन्नईयिन २०१६ मध्ये सातवी होती आणि पुढच्याच हंगामात विजेती. त्यानंतरच्या वर्षी ९ गुणांसह शेवटची, त्यापुढे उपविजेती, त्यापुढे आठवी. तळातून अंतिम सामन्यापर्यंत एका वर्षात जाता येतं हे या संघाने एकदा नव्हे, दोनदा करून दाखवलं. चेन्नईच्या प्रेक्षकाला हैदराबादच्या संथ चढणीशी अदलाबदल करायची का असं विचारलं, तर तो नाही म्हणेल आणि त्याचं चुकत नाही. माझं म्हणणं एवढंच की हा आलेख बांधणीचा नाही. दहा संघांतले चार पुढे जाणार असतील आणि उपांत्य फेरीपासून तीन सामन्यांत निकाल लागणार असेल, तर एखादा चांगला फॉर्म आणि दोन-तीन बरे परदेशी खेळाडू संघाला शेवटपर्यंत ओढून नेतात. २०२२-२३ मध्ये तर अकरांपैकी सहा संघ प्लेऑफमध्ये घेतले गेले. अर्ध्याहून अधिक वर्ग पास होत असेल तर पास होणं ही प्रगतीची खूण धरता येत नाही. म्हणून प्लेऑफ गाठली का, यापेक्षा लागोपाठ दुसऱ्यांदा गाठली का, हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो.

मग सगळं श्रेय प्रशिक्षक टिकवण्याला द्यायचं का? कबड्डीतलं पुणेरी पलटणचं उदाहरण इथे थोडं सावध करतं. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात पलटणमध्ये आले. अस्लम आपल्याच राज्यातला, नगर जिल्ह्यातला. त्या वर्षी संघ प्लेऑफमध्ये पोहोचून लगेच बाहेर पडला. नवव्या हंगामात मुंबईतल्या अंतिम सामन्यात जयपूरकडून हरला. दहाव्या हंगामात अस्लमच्या नेतृत्वाखाली १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेता झाला, आणि तोही हैदराबादेत. तीन हंगामच. पण आठव्यात प्रशिक्षक अनुप कुमार होते आणि नंतर बी. सी. रमेश. प्रशिक्षक बदलला तरी मुलं तीच राहिली, म्हणून चाललं. तेव्हा एकाच माणसाचा हट्ट धरायला नको. मैदानावरचा गाभा टिकला पाहिजे, आणि तो टिकवणारा मालक.

हे काही आयएसएलच्या काळातलं नवं शास्त्र नाही. नांदेड जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथल्या सय्यद अब्दुल रहीम नावाच्या शिक्षकाने १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ घडवला आणि त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स करंडक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा नेला. भारताचे प्रशिक्षकही तेच. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. आजच्या एखाद्या मालकाने त्याच रात्री प्रशिक्षकाला निरोप दिला असता. रहीम राहिले. बूट सक्तीचे झाले, आणि चार वर्षांनी मेलबर्नला, १ डिसेंबर १९५६ रोजी, मुंबईच्या नेव्हिल डिसोझाच्या हॅटट्रिकवर भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवून उपांत्य फेरी गाठली. (बरोबर एक महिना आधी, १ नोव्हेंबरला, मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला होता. नाहीतर आपल्या आजोबांनी रहीमसाहेबांना ‘आमच्या राज्याचे’ म्हटलं असतं.) हंगेरीने माघार घेतल्याने वाट थोडी सोपी झाली होती हे खरं, पण १९६२ मध्ये जकार्त्याला दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून मिळवलेलं आशियाई सुवर्णपदक कुणाच्या माघारीने आलं नव्हतं.

अमेरिकेतल्या त्यांच्या वेगळ्या फुटबॉलमध्येही तीन हंगामांचाच काळ लागतो, आणि तिथे तर दुबळ्याला मदत करणारी व्यवस्था आहे: तळाच्या संघाला नव्या खेळाडूंची निवड आधी करता येते आणि पगाराच्या एकूण खर्चावर मर्यादा असते. तरी डेट्रॉइट लायन्सना २०२१च्या ३ विजयांवरून २०२३च्या १२ विजयांपर्यंत जायला एकाच प्रशिक्षकाखाली तीन हंगाम लागले. आपल्याकडे नवोदितांच्या निवडीत तळाच्या संघाला असा पहिला हक्क नाही. म्हणजे तीन हा आपल्यासाठी आशावादी आकडा आहे.

हैदराबादचं पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. २०२३ मध्ये मार्केझ गोव्याला गेले, पगार थकले, फिफाने नवे खेळाडू नोंदवायला बंदी घातली, एकेक करून खेळाडू निघून गेले. २०२३-२४ मध्ये २२ सामन्यांत १ विजय, ८ गुण, शेवटचं स्थान. दोन वर्षांपूर्वीचा विजेता! मालक बदलले, आणि २०२५ मध्ये संघाचा लीगमधला परवाना स्पोर्टिंग क्लब दिल्ली होऊन उत्तरेला गेला. पुणे, हैदराबाद, दिल्ली: एकाच जागेवर तीन शहरं, आणि प्रत्येक वेळी पहिला हंगाम. खेळाच्या बाजूने हा संघ हरला नव्हता, हिशेबाच्या बाजूने हरला. म्हणून लीगने नव्या मालकाला प्रवेश देताना पहिल्या तीन हंगामांच्या पगाराची रक्कम बँक हमीत ठेवायला लावावी, असं माझं मत आहे. तेवढी रक्कम अडकली तर गुंतवणूकदार येणार नाहीत, असं त्यावर म्हटलं जाईल. काही येणार नाहीत, आणि लीगमधले दोन-चार संघ कमी होतील. ज्यांची तिसऱ्या वर्षीच्या पगाराची तयारी नाही, ते आज येत नसतील तर दोन वर्षांनी खेळाडूंना वाऱ्यावर सोडून जाण्यापेक्षा ते बरं.