बटण दाबण्याआधी

“काका, फोटोग्राफीला कॉलेज कशाला? बटण तर दाबायचं!” अहिल्यानगरच्या, म्हणजे आमच्या जुन्या नगरच्या, एका शेजाऱ्यांनी परवा विचारलं. मुलीला हाच अभ्यासक्रम हवाय.

बँकेत असताना फोटो स्टुडिओसाठी कर्जाचे अर्ज माझ्याकडे येत. कॅमेरा तारण ठेवता येई, नजर नाही. हप्ते मात्र नजरेवरच फिटत.

ती नजर वर्गात आणि हातांत, दोन्हीकडे घडते. ॲपर्चर आणि शटरच्या वेगाचा मेळ फळ्यावर समजतो. साधतो मात्र भरदुपारी बाजारात, उन्हातला माणूस आणि सावलीतलं दुकान एकाच चौकटीत धरताना. म्हणून मुलांनी हजेरी लावावी, काम वेळेवर द्यावं. महाविद्यालयांनीही कॅमेरे कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत.

इथल्याच न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्र शिकलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला २०१० सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जिल्ह्याच्या गावीही नजर घडते, याला आणखी कोणता दाखला हवा?

शेजाऱ्यांना मी एवढंच म्हटलं, “प्रवेश घेताना फी जरूर विचारा. पण आठवड्यातून किती तास कॅमेरा मुलीच्या हातात राहील, तेही विचारा.”