मुल्या, मूरे आणि दिवाणखान्यातील मत्स्यपेटी

मध्यमवर्गीय घराच्या दिवाणखान्यात दूरदर्शन संच आला, आणि यथावकाश त्याच्या शेजारी मत्स्यपेटीही आली. तिच्यात कोण नांदते ते एकदा पाहावे. गोल्डफिश मूळचा चीनचा, गप्पी आणि एंजल दक्षिण अमेरिकेतले, आणि काच स्वच्छ ठेवतो म्हणून दुकानदार आग्रहाने गळ्यात मारतो तो ‘सकर’ही तिकडचाच. घरातील सातवीतल्या मुलाला ही सारी नावे पाठ असतात. त्याच मुलाला आजोळच्या ओढ्यातील एका तरी माशाचे नाव विचारावे. मुलाचे सोडा, त्याच्या वडिलांना विचारावे. प्रस्तुत लेखकही या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

नावे नव्हती असे मुळीच नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील कर्नल विल्यम सायक्स याने दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन केले आणि ते १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. जातींना शास्त्रीय नावे देताना त्याने पुष्कळ ठिकाणी लॅटिन शब्द शोधण्याचे कष्ट न घेता येथील लोकांच्या तोंडचीच नावे उचलली. मुल्या, मूरे, बोगट, कोलस, फुलुंगी, खुद्री ही नावे, परकीय कानाने ऐकलेली आणि रोमन लिपीच्या चरकातून निघालेली का होईना, आजही प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत जिवंत आहेत. जगातील कोणत्याही विद्यापीठातील अभ्यासकाला ती उच्चारावीच लागतात. विसरलो ते आपण.

म्हणूनच ओढ्यातील चार मासे हौसेने घरी आणून पाळणाऱ्या मुलाकडे मी गुन्हेगार म्हणून पाहू शकत नाही. ‘पाण्यातला जीव पाण्यातच शोभतो’ असे म्हणणाऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु त्याच पाण्यात गावाचे सांडपाणी सोडले जाते, तळाची वाळू उपसली जाते, तेव्हा हळहळ कोणाला वाटते? ज्याने त्या पाण्यातला जीव जवळून पाहिला आहे त्यालाच.

मुल्याचेच उदाहरण घ्या. त्याच्या हनुवटीखाली एक चकती असते. तिच्या आधारे तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरील शेवाळ खरवडून खातो. ज्या कामासाठी आपण दक्षिण अमेरिकेतील सकर विकत आणतो, तेच काम सह्याद्रीच्या पायथ्याचा हा वीतभराचा मासा पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. मात्र त्याला वाहते पाणी लागते. काचेच्या गोल भांड्यात तो गुदमरून मरेल. लांबट पेटी, पाण्याला प्रवाह देणारा पंप, तळाशी गोटे, वर घट्ट झाकण (ओढ्याचे मासे उड्या मारण्यात पटाईत असतात) आणि निदान दिवसभर उघड्यावर ठेवून क्लोरीन उडवलेले नळाचे पाणी, एवढी तयारी आधी करावी, मग ओढ्यावर जावे.

जाण्याचीही वेळ असते. पहिल्या पावसात मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतात. त्या चढणीच्या दिवसांत जाळे टाकणे म्हणजे पुढची पिढीच उचलून आणणे. पावसाळा सरल्यावर जावे, गावकऱ्यांना विचारावे, आणि विपुल दिसणाऱ्या जातीचे चार-पाच मासे आणावेत. अभयारण्यात आणि देवाच्या डोहात हात घालू नये. महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंडीतले महाशीर वरदायिनी देवीचे मानले जातात आणि म्हणून तेथे कोणी मासा धरीत नाही. कायद्याचा धाक जेथे पोहोचत नाही तेथे श्रद्धेने हे काम केले आहे, आणि चोख केले आहे.

हौस आणि व्यापार यांतील सीमारेषा मात्र स्पष्ट असली पाहिजे. केरळ-कर्नाटकच्या डोंगरी नद्यांतील ‘मिस केरळ’ हा लाल पट्ट्याचा देखणा मासा परदेशी शौकिनांना आवडला. संशोधकांच्या नोंदीनुसार २००५ ते २०१२ या काळात संकटग्रस्त जातींचे १५ लाखांहून अधिक गोडे मासे भारतातून निर्यात झाले, आणि त्यांत मोठा वाटा हा मासा व त्याच्या एका भाऊबंदाचा होता. आपल्या कृष्णा खोऱ्यातील पट्टेदार झेब्रा लोचही आज संकटग्रस्त गणला जातो आणि त्याचाही व्यापार होतो. असा मासा ओढ्यात दिसला तर डोळे भरून पाहावा आणि तेथेच ठेवावा.

आणि एकदा घरात आणलेला मासा, देशी असो वा परदेशी, पुन्हा नदीत सोडू नये. हे मी अनुभवाने सांगतो आहे. आमच्या घरचा सकर काही वर्षांपूर्वी हातभर वाढला, पेटीत मावेना. विकणाऱ्या दुकानदाराने परत घेण्यास नकार दिला. एका जिवाला मुक्त करीत आहोत, अशा पुण्यभावनेने मी तो नदीत सोडला, आणि वर हातही जोडले. पुढे उजनीच्या जलाशयात याच सकरांनी मच्छीमारांची जाळी फाडल्याच्या बातम्या वाचनात आल्या. हाडांच्या तकटांचे चिलखत असलेला, बाजारात कोणी विचारीत नाही असा तो मासा एकेका जाळ्यातून शेकड्याने निघत होता. माझा त्यांत नसेलही. पण माझ्यासारखे हात जोडणारे पुष्कळ असणार.

गेल्या महिन्यात पुतण्याचा दूरध्वनी आला. त्याच्या मुलाचा सकरही पेटीत मावेनासा झाला आहे, रविवारी नदीवर जाऊ म्हणतो. मी त्याला थांबवले आहे. मोठी टाकी असलेल्या एका हौशी गृहस्थांशी बोलणे झाले आहे, ते सकर ठेवून घेतील. रिकाम्या झालेल्या पेटीत काय ठेवायचे, हे दिवाळीच्या सुटीत आजोळच्या ओढ्यावर गेल्यावर ठरेल.