डिकीतली रायफल आणि राज्याची हद्द

अमेरिकेत बंदूक बाळगायला काही नियमच नाहीत, असं पुण्यात बसून वाटतं. गंमत म्हणजे इथे राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींनाही तसंच वाटतं, आणि हा समज त्यांना चांगलाच महागात पडू शकतो. नियम आहेत, भरपूर आहेत. फक्त ते राज्यागणिक बदलतात, आणि बदलतात कुठे, तर हायवेवरच्या एका स्वागताच्या पाटीपाशी.

आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे बंदूक नाही, घ्यायचीही नाही, आणि कडक कायद्यांना माझा पाठिंबाच आहे. माझी तक्रार कायदा कडक असण्याबद्दल नाहीये. तो वाचून साध्या माणसाला आपण गुन्हेगार आहोत की नाही हेच कळत नाही, त्याबद्दल आहे.

समजा, पेनसिल्व्हेनियात ॲलनटाऊनला राहणारा एक मराठी माणूस आहे, ग्रीनकार्डवाला. ग्रीनकार्ड असलं की बंदूक घेता येते. त्याने दुकानात जाऊन, सगळे फॉर्म भरून, पार्श्वभूमी तपासून घेऊन एक एआर-१५ घेतली. पेनसिल्व्हेनियात या रायफलवर बंदी नाही. पुढे त्याला एडिसनला नोकरी लागली. सामान गाडीत भरलं, रायफल डिकीत ठेवली, आय-७८ धरला, डेलावेअर नदी ओलांडली. झालं! न्यू जर्सीत १९९० पासून एआर-१५ 'असॉल्ट फायरआर्म'च्या यादीत आहे. नुसती जवळ बाळगणं हा तिथे दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा, म्हणजे शिक्षा साधारण पाच ते दहा वर्षं. त्याच यादीत 'एम १ कार्बाइन'सुद्धा आहे, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी वापरलेली. म्हणजे एखाद्याला आजोबांची आठवण म्हणून मिळालेली बंदूक नदीच्या एका काठावर वारसा, आणि दुसऱ्या काठावर तुरुंग. शिवाय यादीतल्या नावांशी 'बऱ्याच अंशी तंतोतंत सारख्या' असलेल्या बंदुकाही बंद. 'बऱ्याच अंशी' आणि 'तंतोतंत' एकाच वाक्यात लिहिणाऱ्याला आमच्याकडे कोणी कोड रिव्ह्यू पास करून दिला नसता. असो.

कॅलिफोर्नियाची गोष्ट तर आमच्या धंद्यातल्या माणसाला फारच ओळखीची वाटेल. जानेवारी १९८९ मध्ये स्टॉक्टनच्या शाळेच्या मैदानावर एकाने गोळीबार केला, पाच मुलं गेली. त्याच वर्षी तिथे रॉबर्टी-रूस कायदा आला. त्यात बंदी कशी होती? कंपनी आणि मॉडेल यांची नावं लिहून! ब्लॅकलिस्टच की. मग पुढे काय झालं असेल ते कोणताही प्रोग्रॅमर सांगेल. तसाच माल वेगळ्या नावाने आला. म्हणून २००० पासून दुसरा पॅच: नाव सोडा, लक्षणं बघा. रायफल सेमी-ऑटोमॅटिक (म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप जागेवर येतं), मॅगझिन काढता येण्यासारखं, आणि त्यावर पिस्तुली मूठ, घडी होणारा किंवा मागेपुढे सरकणारा दस्ता, नळीच्या तोंडाशी ज्वाळा लपवणारं नळकांडं यांपैकी एक जरी असलं, तरी ती असॉल्ट वेपन.

यावर लोकांनी विचारलं, 'काढता येण्यासारखं मॅगझिन' म्हणजे काय? नियम म्हणाला, जे हत्यार न वापरता निघतं ते. आणि हत्यार म्हणजे? त्याच नियमात लिहिलं होतं की काडतूससुद्धा हत्यारच समजावं. मग आलं 'बुलेट बटन'. गोळीचं टोक भोकात खुपसलं की मॅगझिन सुटतं, त्यामुळे कायद्याच्या लेखी ते काढता येण्यासारखं नाही! डिसेंबर २०१५ मध्ये सॅन बर्नार्डिनोचं हत्याकांड झालं, २०१६ मध्ये नवे कायदे झाले आणि १ जानेवारी २०१७ पासून ही पळवाट बंद झाली. लगेच मुठीला माशाच्या कल्ल्यासारखी पट्टी लावलेल्या रायफली आल्या. कारण पिस्तुली मूठ म्हणजे काय, तर अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी चापाच्या वरच्या टोकाच्या खाली येऊ शकते ती, अशी व्याख्या आहे. पट्टीमुळे अंगठा गुंडाळता येत नाही, म्हणून ती मूठ नव्हे. पोलाद तेच, काडतूस तेच, वेग तोच. गुन्हा ठरतो अंगठ्यावरून.

आता नेण्या-आणण्याचं. कॅलिफोर्नियात साधी शिकारीची रायफल गाडीतून नेताना रिकामी असली की सहसा पुरतं. पण जुन्या काळी रीतसर नोंदवलेली असॉल्ट रायफल असेल, तर ती रिकामी, कुलूपबंद पेटीत, आणि घर, दुकान, नेमबाजीची रेंज अशा ठरावीक ठिकाणांच्या दरम्यानच नेता येते. बाहेरून दोन्ही पेट्या सारख्याच दिसतात.

'पण केंद्राचा कायदा आहे ना, सुरक्षित प्रवासाचा?' असं कोणीतरी म्हणणारच. आहे, १९८६ चा. निघालो ते राज्य आणि पोचायचं ते राज्य, दोन्हीकडे बंदूक कायदेशीर असेल, ती रिकामी असेल आणि बसल्या जागेवरून हाताला लागत नसेल, तर मधल्या राज्यातून नेता येते. म्हणजे न्यू हॅम्पशायरहून पेनसिल्व्हेनियाला जाणाऱ्याला संरक्षण आहे. वरच्या उदाहरणातल्या आपल्या माणसाला नाही, कारण त्याचा मुक्कामच न्यू जर्सीत. आणि संरक्षण असलेल्यानेही वाटेत थांबायचं की नाही? २००५ मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला विमानाने निघालेल्या एका प्रवाशाचं पुढचं विमान नेवार्कला चुकलं. सामान घेऊन तो रात्रभर हॉटेलात राहिला. सकाळी विमानतळावर बॅगेत पिस्तूल आहे हे स्वतःच सांगितलं, आणि अटक झाली. फौजदारी आरोप पुढे मागे घेतले गेले. पण त्याने भरपाईसाठी लावलेल्या दाव्यात २०१० मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की हॉटेलात बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून त्या कायद्याचं संरक्षण नाही. विमान चुकणं हा त्याचा दोष नव्हता, पण कायद्यात विमान चुकण्याची केसच लिहिलेली नाही!

गोऱ्या अमेरिकन माणसाला यात तुरुंग आणि वकिलाची फी. आपल्याला त्यापुढे आणखी एक पायरी आहे. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परक्या नागरिकाला देशाबाहेर काढता येतं. ग्रीनकार्ड असलं तरी, मुलं इथे जन्मलेली असली तरी. आणि एच-१बी वाल्यांना तर केंद्राच्या कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे, शिकारीचा चालू परवाना असल्यासारखे थोडे अपवाद सोडले तर. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली बंदूकही 'बाळगणं' यातच धरतात. ऑफिसच्या टीमबरोबर लास व्हेगासच्या रेंजवर जाऊन फोटो टाकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. २०२२ पासून त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षं आहे.

ऑस्ट्रेलियाही राज्यांचा संघच आहे. एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, आणि दोन आठवड्यांच्या आत सगळी राज्यं एका करारावर आली. त्यांनी मुठीचा आकार मोजला नाही. सेमी-ऑटोमॅटिक रायफल म्हटली की सामान्य माणसाला बंद, आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. कोणाला पटो न पटो, आपण नियमात बसतो की नाही हे शेतकऱ्यालाही कळलं. अमेरिकेत घटनादुरुस्तीची भिंत आहे, ते होणार नाही हे मला कळतं. पण सुरक्षित प्रवासाच्या कलमात पेट्रोल, जेवण, रात्रीचा मुक्काम, चुकलेलं विमान एवढं चार ओळींत लिहायला काय हरकत आहे? बंदूकवाल्यांचं त्यात भलं आहे, आणि माझ्यासारख्या बंदूकविरोधकाचं त्यात काहीच जात नाही. पोलिसांनी खऱ्या गुन्हेगारांच्या मागे लागावं, हॉटेलात अडकलेल्या प्रवाशांच्या नव्हे.

तोवर एडिसनची नोकरी घेणाऱ्याने रायफल नदीच्या पलीकडेच परवानाधारक दुकानदाराला विकून यावं, आणि मूव्हर्सच्या ट्रकमध्ये ती चुकून गेलेली नाही हे स्वतः बघावं. पुण्याहून आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येणार असतील, तर वरची मनाई त्यांनाही आहे. त्यांना रेंजऐवजी नायगारा दाखवा.