तो बोलेल का?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. गुडघे, मोतीबिंदू वगैरे नेहमीच्या तक्रारी आहेतच, पण आज त्यांचं रडगाणं नाही. आज जरा भांडायचंय.

गेल्या रविवारी झूमवर एक कार्यक्रम झाला. कर्णबधिर मुलांच्या ऐकू येणाऱ्या आईवडिलांसाठी. चाळीसेक पालक होते. कुणी नांदेडचे, कुणी चिपळूणचे, एक जोडपं तर थेट दुबईहून. मला 'अनुभवी पालक' म्हणून बोलावलं होतं. नातेवाइकांना ठाऊकच आहे, पण इतरांसाठी सांगते, आमचा धाकटा जन्मतः कर्णबधिर. १९७८ सालचा जन्म. एका कारखान्यात टर्नर आहे, स्वतःच्या पायावर उभा आहे, संसार आहे.

आयोजक ताईंनी आधी फोन केला. "काकू, पंधरा मिनिटं. पालकांना धीर येईल असं बोला. तुमचा मुलगा बोलायला कसा शिकला ते सांगा." थोडक्यात, यशोगाथा हवी होती. मी बरं म्हटलं, आणि त्या दिवशी वेगळंच बोलले. पंधरा मिनिटांत सगळं मावलं नाही, म्हणून उरलेलं इथे.

१९८० साली, तो दोन वर्षांचा असताना, निदान झालं. तेव्हा आम्हाला बजावलं गेलं, "घरात हातवारे बंद. खुणा केल्यात तर मूल आळशी होतं, मग ते कधीच बोलणार नाही." आम्ही दोघांनी ते वेदवाक्य मानलं. छातीवर पट्ट्याने बांधलेलं वायरवालं श्रवणयंत्र, समोर आरसा, मेणबत्ती. 'प' म्हटल्यावर ज्योत हलली पाहिजे. माझ्या गळ्यावर त्याचा हात ठेवून आवाजाची थरथर दाखवायची. रोज दोन तास, शाळेतून आल्यावर, स्वयंपाकाच्या आधी.

मे महिन्यातली एक दुपार. खेळून घामाघूम होऊन आला आणि अंगठा ओठांकडे नेला. पाणी हवंय हे मला कळलं होतं. तांब्या माझ्या शेजारीच होता. पण मी त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "पाणी म्हण. पा... णी." तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. हात सोडवायला धडपडला, रडला. शेवटी 'पा'सारखं काहीतरी उमटलं. मग मी पाणी दिलं आणि रात्री वहीत लिहिलं, "आज 'पा' आला!" उद्गारचिन्हासकट. ती वही अजून कपाटात आहे.

तहानलेल्या लेकराला आई पाणी देत नाही, आणि त्याची नोंद प्रगती म्हणून करते! हे मी झूमवर सांगितलं तेव्हा सगळ्या चौकटी गप्प झाल्या.

तो बोलायला शिकला का? शिकला की. तीस-चाळीस शब्द, जे मला आणि त्याच्या बाबांना कळायचे, कोपऱ्यावरच्या वाण्याला नाही. त्या शब्दांपायी त्याची पहिली सहा-सात वर्षं गेली. त्या वर्षांत त्याच्याजवळ 'का?' विचारायला काही नव्हतं. त्याची आजी गेली तेव्हा ती कुठे गेली, ते आम्ही त्याला सांगू शकलो नाही. त्याच्या लेखी आजी एके दिवशी दिसेनाशी झाली, एवढंच. आणि मी कोण? मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली, बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवणारी बाई. माझ्याच घरात एक मूल भाषेवाचून उपाशी होतं.

त्याला भाषा दिली ती त्याच्या शाळेतल्या मोठ्या मुलांनी, डब्याच्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागे. वर्गात खुणांना बंदीच होती. घरी येऊन त्याचे हात चालायला लागले की मी हातावर फटका मारायची.

आता भांडणाचा मुद्दा. हे जुनं झालं असं वाटत असेल, तर ऐका. त्याच कार्यक्रमात एका बाबांनी सांगितलं की त्यांनाही हाच सल्ला मिळालाय, मुलाने खूण केली तर हात धरून ठेवा. आज! १८८० साली इटलीत मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठरवलं की शाळेत तोंडी बोलणंच श्रेष्ठ, खुणा नकोत. १९६० साली विल्यम स्टोकी या प्राध्यापकांनी दाखवून दिलं की अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या खुणा म्हणजे स्वतःची रचना असलेली पुरी भाषा आहे. २०१० साली व्हँकुव्हरला त्याच परिषदेने मिलानचे ठराव फेटाळले आणि झाल्या गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला. परिषदेला एकशे तीस वर्षं लागली. आपल्याकडे अजून किती लागणार?

पालकांचे प्रश्न ठरलेले होते. एकेकाचं उत्तर देते.

"काकू, आता कॉक्लिअर इम्प्लांट आहे." आहे, आणि ते वरदान आहे. जमत असेल तर लवकर करा, स्पीच थेरपी मनापासून करा. मी यंत्राच्या विरोधात नाहीच. पण शस्त्रक्रिया होईपर्यंत, झाल्यावर ऐकायची सवय होईपर्यंत महिने जातात, कधी वर्षं जातात. सगळ्या मुलांना सारखा गुण येत नाही. आणि अंघोळीला, झोपताना बाहेरचं यंत्र काढलं की मूल पुन्हा कर्णबधिरच असतं. तोवर त्याने कशात विचार करायचा? मेंदूला भाषा हवी असते ती पहिल्या चार-पाच वर्षांत. ती वर्षं रांगेत उभी राहत नाहीत.

"पण खुणांमुळे बोलणं मागे पडलं तर?" तज्ज्ञांमध्ये यावर वाद आहे, मान्य. तरी साधा हिशेब करा. खुणा शिकवल्या आणि मूल पुढे छान बोलू लागलं, तर काय बिघडलं? एक भाषा जास्त आली. खुणा शिकवल्या नाहीत आणि ते बोलूही शकलं नाही, तर त्याच्याजवळ काहीच उरत नाही. ही दुसरी जोखीम आपण मुलाच्या जिवावर घेतो, स्वतःच्या नाही.

"ती भाषा मराठी थोडीच आहे?" नाही. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं आहे. पण तीन वर्षांच्या पोराला इंग्रजी माध्यमात घालताना हा प्रश्न कुणाला पडत नाही, तो खुणांच्या वेळीच कसा पडतो?

"समाजात कोण खुणा करतं?" अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या बरीच मुलं कर्णबधिर जन्मायची. म्हणून काही गावांत कोळी, शेतकरी, दुकानदार सगळेच खुणांनी बोलायचे. समाज म्हणजे शेवटी आई, बाबा, आजी आणि शेजारीच ना? सुरुवात त्यांनी करायची.

"शिकायचं कुठे?" आमच्या वेळी हा प्रश्न खरा होता. आता दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा कोश आहे. २०१८ मध्ये ३,००० शब्द होते, २०२१ मध्ये १०,००० झाले. प्रत्येक शब्दाचा व्हिडिओ, फुकट. रोज पाच शब्द, घरातल्या सगळ्यांनी. सगळ्यांत चांगलं म्हणजे आपल्या गावातली मोठी कर्णबधिर माणसं शोधा, घरी चहाला बोलवा.

यावरून आठवलं. त्या कार्यक्रमात वक्ते पाच होते आणि त्यातलं एकही कर्णबधिर नव्हतं! ज्यांच्याविषयी बोलायचं त्यांनाच बोलावणं नाही. मिलानला तरी दुसरं काय झालं होतं? म्हणून मी धाकट्याला शेजारी घेऊनच बसले होते. ताईंना आधी सांगितलं नव्हतं, तेवढा आगाऊपणा केला.

एका तरुण आईने विचारलं, "काकू, त्यांना तुमचा राग येतो का?" या प्रश्नाचं उत्तर मी कसं देणार? मी त्याला विचारलं, माझ्या मोडक्यातोडक्या खुणांत. (साठी उलटल्यावर शिकायला लागले, सूनबाईंकडून. तीही कर्णबधिर. हात आखडतात, ती हसते.) त्याने थोडा विचार केला आणि सांगितलं, "आईचा राग नाही. आता आम्ही बोलतो. बाबांशी बोलायचं राहिलं."

त्याचे बाबा २००९ साली गेले. त्यांना शेवटपर्यंत एकही खूण येत नव्हती. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात दोघे कागदावर लिहून बोलायचे. त्याच्या मोडक्या मराठीतल्या चिठ्ठ्या त्यांना कळायच्या नाहीत, यांचं लफ्फेदार अक्षर त्याला लागायचं नाही. मी मध्ये बसून शुद्धलेखन सांगत होते. दोघांचं एकमेकांवर इतकं प्रेम होतं, आणि तीस वर्षांत एकदाही मनातलं बोलणं झालं नाही.

म्हणून म्हणते, 'तो बोलेल का?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, 'मी त्याच्याशी बोलू शकते का?' त्याचं उत्तर डॉक्टरांकडे नाही, यंत्रातही नाही. ते आपल्याच दोन हातांत आहे.

ताईंनी शेवटी आभार मानले, जरा नाराजच वाटल्या. धीर द्यायला बोलावलेल्या बाईने मुलांचे हात सोडा म्हणून सांगितलं. असो. नांदेडच्या आईचा रात्री फोन आला, "काकू, पाण्याची खूण कशी करायची?" व्हिडिओवर धाकट्यानेच दाखवली.