राइट-क्लिक अडकलं म्हणून फॉरमॅट मारू नका

फाइलवर राइट-क्लिक करावं आणि मेन्यूच उघडू नये. बाणाशेजारी निळं वर्तुळ फिरत राहतं, खिडकी पांढुरकी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरं येतात आणि खालचा टास्कबारही दाद देत नाही. चार दिवस सोसून झालं की लॅपटॉप दुकानात जातो. तिथलं उत्तर ठरलेलं असतं: "विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावं लागेल."

माझं सांगणं एवढंच, की लगेच हो म्हणू नका.

फॉरमॅटनं हा त्रास बहुतेकदा जातो, हे खरं. पण सोबत काय काय जातं ते बघा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे दोन्ही फोल्डर सहसा सी ड्राइव्हवर असतात, आणि आपल्याकडे अर्धा संसार डेस्कटॉपवरच मांडलेला असतो. मराठी टायपिंगचं श्रीलिपी किंवा आयएसएम जातं, त्याबरोबर सुरेखसारखे जुने फॉन्ट जातात. मग सोसायटीचं जुनं इतिवृत्त उघडलं की मराठीऐवजी कंस, टिंबं आणि टोपीवाली परदेशी अक्षरं दिसतात. टॅलीचा डेटा नेमका कुठल्या फोल्डरात होता ते कुणालाच आठवत नाही. टेंडर भरायच्या डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटरची सेटिंग, सगळं पुन्हा करा. आणि हे सगळं पुन्हा टाकताना मूळ खोडी करणारा प्रोग्रॅमही आपण आपल्याच हातानं परत टाकतो. थोड्या दिवसांनी राइट-क्लिक पुन्हा अडकतं, आणि या वेळी दुकानातून ऐकू येतं, "मशीन जुनं झालंय."

मशीनचा यात बहुधा काही दोष नसतो. विंडोजचाही बऱ्याचदा नसतो.

राइट-क्लिकचा मेन्यू दिसतो एकसंध, पण तो एकट्या विंडोजचा नाही. बाहेरच्या कंपन्यांना त्यात आपापली ओळ घालायची सोय मायक्रोसॉफ्टनं 1995 साली, विंडोज 95 पासूनच करून ठेवली. झिप करणारा प्रोग्रॅम टाकला की ‘अ‍ॅड टू आर्काइव्ह’ ही ओळ येते. अँटिव्हायरस ‘स्कॅन’ची ओळ घालतो, क्लाउडवर फाइली ठेवणारा ‘शेअर’ची, पीडीएफवाला ‘कन्व्हर्ट’ची, व्हिडिओ प्लेअर ‘प्लेलिस्टमध्ये घाला’ची. प्रत्येक ओळीमागे त्या कंपनीनं लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला शेल एक्स्टेन्शन म्हणतात. तो स्वतंत्रपणे चालत नाही, फाइल एक्सप्लोररच्या पोटातच चालतो. तुम्ही राइट-क्लिक केलं की एक्सप्लोरर यांतल्या एकेकाला विचारतो, "या फाइलसाठी तुला काही घालायचंय का?" सगळ्यांची उत्तरं आली की मगच मेन्यू पडद्यावर येतो. पंगतीत शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत कुणी घास उचलत नाही, तसंच हे. एक जण लायसन्स तपासायला इंटरनेटवर गेला, किंवा बंद पडलेल्या सर्व्हरला हाका मारत बसला, की बाकीचे सगळे खोळंबतात. डेस्कटॉप आणि टास्कबारही हाच एक्सप्लोरर चालवत असल्यामुळे अख्खा कॉम्प्युटर गोठल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात मागे उघडं असलेलं वर्ड किंवा एक्सेल व्यवस्थित चालू असतं.

म्हणून अडकल्याबरोबर पॉवरचं बटण दाबून धरू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा, त्यावर एकदा क्लिक करून ‘रिस्टार्ट’ किंवा ‘रिस्टार्ट टास्क’ दाबा. टास्कबार क्षणभर नाहीसा होऊन परत येईल. घाबरू नका, तो तसाच येतो. उघडी कागदपत्रं जागच्या जागी राहतात. पेन ड्राइव्हवर फाइली कॉपी होत असतील तर ते काम मात्र तुटतं, ते पुन्हा करावं लागेल.

हा झाला तात्पुरता इलाज. आता जरा शोध घ्या, आणि त्यासाठी आधी काहीही डाउनलोड करू नका. फक्त कुठे अडकतं ते बघा. डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर राइट-क्लिक करा, मग एखाद्या फोल्डरवर, मग साध्या टेक्स्ट फाइलवर, मग फोटो, पीडीएफ, व्हिडिओ. या प्रत्येक जागेसाठी आगंतुकांची यादी वेगळी असते. फक्त रिकाम्या डेस्कटॉपवर अडकत असेल तर बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरनं घुसवलेली ओळ खोडी करत असते. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नवा टाका. फक्त व्हिडिओवर अडकत असेल तर प्लेअर किंवा कोडेकचा गठ्ठा, फक्त पीडीएफवर अडकत असेल तर पीडीएफचा प्रोग्रॅम. सगळ्याच फाइलींवर अडकत असेल तर झिप, अँटिव्हायरस आणि क्लाउड या तिघांवर आधी नजर ठेवा. आणि हा त्रास सुरू झाला त्याच्या आगेमागे काय टाकलं होतं ते आठवून पाहा. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सची यादी तारखेनुसार लावली की निम्मं काम तिथेच होतं.

विंडोज 11 वापरत असाल तर आणखी एक खूण आहे. त्यातला पहिला मेन्यू आखूड असतो आणि तळाशी ‘शो मोअर ऑप्शन्स’ असतं. ते दाबलं, किंवा शिफ्ट आणि एफ 10 दाबलं, की जुना लांबलचक मेन्यू येतो. आखूड मेन्यू झटकन येत असेल आणि अडचण लांब मेन्यूलाच असेल, तर जुन्या पद्धतीनं घुसलेला एखादा प्रोग्रॅम दोषी आहे असं समजायला हरकत नाही.

एवढ्यावर उलगडा झाला नाही तर शेलएक्सव्ह्यू नावाचं छोटं फुकट टूल आहे, नीर सोफर यांच्या निरसॉफ्टचं. ते निरसॉफ्टच्याच साइटवरून घ्या, ‘फ्री डाउनलोड’ लिहिलेल्या भलत्या पानावरून नको. हल्लीच्या बहुतेक मशीनवर विंडोज 64 बिटचं असतं, तेव्हा टूलही 64 बिटचंच घ्या. 32 बिटचं घेतलं तर अर्धी नावं दिसतच नाहीत. उघडलं की भली मोठी यादी येते. दचकू नका. पर्यायांमध्ये जाऊन फक्त ‘कॉन्टेक्स्ट मेन्यू’ प्रकारच्या नोंदी दाखवायला सांगा. मायक्रोसॉफ्टव्यतिरिक्त इतरांच्या ओळी गुलाबी रंगात दिसतात. आपल्याला मतलब तेवढ्याशीच. पांढऱ्या ओळींना हात लावू नका.

आता गुलाबी ओळींमधला कंपनीच्या नावाचा रकाना सावकाश वाचा. इथे गंमत असते. कधीच काढून टाकलेला प्रिंटर, मुलानं कॉलेजात असताना टाकलेला व्हिडिओ कन्व्हर्टर, मुदत संपलेला अँटिव्हायरस, सगळ्यांची नावं अजून हजर असतात. यादीचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. मग वरच्या अर्ध्या गुलाबी ओळी निवडून एफ 7 दाबा, म्हणजे त्या बंद होतील. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रिस्टार्ट करा आणि राइट-क्लिक करून बघा. त्रास गेला तर चोर त्या अर्ध्यात आहे, नाही गेला तर उरलेल्या अर्ध्यात. ज्या अर्ध्यात असेल त्याचे पुन्हा दोन भाग करा. सोळा संशयित असले तरी चार फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं. सापडला की बाकीच्यांना एफ 8 दाबून पुन्हा चालू करा.

बंद केल्यानं मूळ प्रोग्रॅमला काही होत नाही. मेन्यूतली त्याची ओळ तेवढी जाते. झिप फाइल आधीसारखीच उघडते. तरी तेवढ्यावर थांबू नका. तो प्रोग्रॅम अपडेट करून पाहा, आणि लागतच नसेल तर काढूनच टाका. माझा अंदाज विचाराल तर बहुतेक मशीनवर शेवटचंच लागू पडेल.

ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर हे उद्योग सिस्टिमवाल्याला सांगून करा. त्यांना बाहेरचं टूल चालत नसेल तर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं ऑटोरन्स आहे. मार्क रसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्समधलं हे टूल. सिसइंटर्नल्स मायक्रोसॉफ्टनं 2006 साली विकत घेतलं. ऑटोरन्समध्ये ‘एक्सप्लोरर’ हा टॅब उघडा, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायला सांगा आणि संशयितासमोरची खूण काढा. काम तेच.

पुष्कळ जण आधी ‘क्लीन बूट’ करायला सांगतात. त्यात सुरुवातीला चालू होणारे प्रोग्रॅम आणि सेवा बंद होतात, पण मेन्यूतल्या ओळी आपल्या जागी राहतात. तेव्हा त्यानं फरक पडला नाही म्हणून निष्कर्ष काढू नका. सिस्टिम फाइल चेकरचंही तेच. तो विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासतो. एकदा चालवायला हरकत नाही, पण दोष बाहेरच्याचा असताना तो "सगळं ठीक" म्हणणारच.

कधी मात्र मेन्यू निर्दोष असतो आणि एक्सप्लोरर भलतीकडेच वाट पाहत असतो. ‘धिस पीसी’मध्ये नेटवर्क ड्राइव्हवर लाल फुली दिसते का बघा. जुन्या ऑफिसचा किंवा बंद पडलेल्या सर्व्हरचा ड्राइव्ह तिथे जोडलेलाच राहून जातो आणि एक्सप्लोरर त्याला शोधत बसतो. तो ‘डिसकनेक्ट’ करा. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन एक्सप्लोररचा इतिहास ‘क्लिअर’ करा, म्हणजे अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या यादीतले मेलेले पत्ते जातात. उजवीकडचा प्रिव्ह्यूचा कप्पा ऑल्ट आणि पी दाबून बंद करून पाहा.

आणि आता जे सांगतो ते या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं. नुसत्या राइट-क्लिकलाच नाही, फाइल उघडताना, फोल्डर बदलतानाही अडकत असेल. हार्ड डिस्कमधून टक् टक् आवाज येत असेल. टास्क मॅनेजरमध्ये विशेष काही चालू नसताना डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटून बसत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. डिस्क जायला लागली असण्याची शक्यता आहे. आधी फोटो, हिशेब, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, त्यातही जे पुन्हा मिळणार नाही ते पहिल्यांदा. बॅकअप होईपर्यंत डिस्क तपासणारं विंडोजचं ‘चेक डिस्क’ चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला ते तासन्‌तास राबवतं आणि उरलंसुरलंही जाऊ शकतं. अशा डिस्कवर फॉरमॅट मारणं म्हणजे पैसे आणि डेटा दोन्ही घालवणं.

‘तुमच्या पीसीत इतके दोष सापडले’ असं ओरडणारे क्लीनर आणि ड्रायव्हर अपडेटर टाकू नका. त्यांतले कित्येक स्वतःच राइट-क्लिकच्या मेन्यूत आणखी एक ओळ घालतात! पडद्यावर अचानक आलेल्या ‘हेल्पलाइन’ नंबरवर फोन करू नका आणि कॉम्प्युटर दुरून चालवू देणाऱ्या एनीडेस्कचा आकडा अनोळखी माणसाला सांगू नका. सांगून बसला असाल आणि खात्यातून पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

हे सगळं स्वतः करायला जमणार नसेल तर त्यात कमीपणा काही नाही, जरूर दुकानात न्या. पण नेताना "हँग होतंय" एवढंच सांगू नका. "रिकाम्या डेस्कटॉपवर ठीक आहे, फाइलवर अडकतं, अमुक टाकल्यापासून सुरू झालं" असं सांगा. आणि दुरुस्त झाल्यावर विचारा, "कोणत्या प्रोग्रॅममुळे होत होतं?" चांगला कारागीर नाव सांगतो. नाव न सांगता फॉरमॅटचे पैसे मागणाऱ्याला पुढच्या वेळी टाळा.

कधी फॉरमॅट खरंच करावं लागतं, व्हायरस खोलवर शिरला असेल तेव्हा. तेव्हाही आधी स्वतः समोर बसून बॅकअप घ्या: डेस्कटॉप, डाउनलोड्स, टॅलीचा डेटा फोल्डर, जुने मराठी फॉन्ट, ब्राउझरचे बुकमार्क. लॅपटॉप नवा असेल तर त्याची डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असू शकते. मग ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी किल्लीवाचून काही वाचता येत नाही. विंडोजच्या या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, 48 आकडी किल्ली घरच्या लॅपटॉपवर बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. लॅपटॉप दुकानात देण्याच्या आदल्या दिवशी ती शोधून वहीत उतरवून ठेवा.